गल्ल्याभोवतीची माणसं

1906 सालच्या ऑगस्टमध्ये एडिंबरातल्या किंग्ज थिएटरची कोनशिला अँड्र्यू कार्नेगी यांच्या हस्ते बसवली गेली आणि त्याच वर्षी 8 डिसेंबरला ‘सिंड्रेला’च्या खेळाने तिथला पडदा पहिल्यांदा वर गेला. मात्र काम पुरं होण्याआधीच थिएटर उभारायला निघालेल्या कंपनीचे पैसे संपले होते. बांधकामाचं कंत्राट विल्यम स्टुअर्ट क्रुइकशँक यांच्याकडे होतं. त्यांचं येणं थकलं आणि त्या येण्यापोटी थिएटरच त्यांच्या पदरात पडलं. दगडमातीचा व्यवहार करणाऱ्या घरात नाटकधंदा शिरला तो असा. मुलगा ए. स्टुअर्ट क्रुइकशँक थिएटर चालवायला बसला, त्या धंद्यात मुरला, आणि 1928 मध्ये हॉवर्ड अँड विंडम या स्कॉटलंडमधल्या सर्वांत वजनदार नाट्यसंस्थेशी हे घराणं जोडलं गेलं.

या हकिगतीत नट नाही, नाटककार नाही, गाजलेला प्रवेश नाही. तरीही पुढची कित्येक दशकं एडिंबराच्या लोकांनी कोणतं नाटक पाहावं, कोणत्या दरात पाहावं आणि नाताळात मुलांना कुठे न्यावं, हे तिने ठरवलं. नाटकाच्या इतिहासात अशा हकिगती तळटीपेत जातात. हे पुस्तक त्यांना मजकुरात आणतं, आणि माझ्या मते त्यांची जागा तिथेच आहे.

पुस्तकाचा विषय आहे एडवर्डियन काळातले, प्रांतातले थिएटर मॅनेजर, म्हणून आधी हे शब्द पाहू. सातव्या एडवर्डची कारकीर्द 1901 ते 1910 अशी नऊ वर्षांची. इतिहासकार मात्र ‘एडवर्डियन’ हा काळ पहिल्या महायुद्धापर्यंत ओढतात, आणि नाटकधंद्यापुरतं ते योग्यच आहे. ‘प्रांत’ म्हणजे तिथल्या नाटकवाल्यांच्या बोलीत लंडन सोडून उरलेलं सगळं: मँचेस्टर-ग्लासगोसारखी अवाढव्य शहरं, कोळशाच्या खाणींभोवतीची गावं, ब्लॅकपूलसारखी गिरणी कामगारांच्या सुट्टीची ठिकाणं. अशा ठिकाणी थिएटर भाडेपट्ट्याने घेऊन किंवा बांधून चालवणारा तो मॅनेजर. तो कधी स्वतः नट असे, बहुधा कधीतरी असलेला असे. पण त्याचं खरं काम बावन्न आठवडे पडदा वर जात राहील हे पाहण्याचं होतं.

हे काम नेहमी असंच नव्हतं. 1843 च्या कायद्याने लंडनच्या दोन-तीन थिएटरांची गंभीर नाटकांवरची मक्तेदारी मोडली. नाटकाची संहिता तपासण्याचा अधिकार लॉर्ड चेंबरलेनकडे राहिला आणि लंडनबाहेरच्या थिएटरांना परवाने देणं स्थानिक न्यायाधीशांकडे गेलं. त्या वेळी प्रत्येक मोठ्या गावाच्या थिएटरला स्वतःचा नटसंच असे. तोच संच आज शेक्सपिअर, उद्या मेलोड्रामा, परवा फार्स करी. मग रेल्वे आली. 1867 मध्ये टॉम रॉबर्टसनचं ‘कास्ट’ गाजलं आणि त्या एकाच नाटकाचा संच नेपथ्यासह गावोगाव फिरू लागला. लंडनमध्ये गाजलेलं नाटक जवळजवळ त्याच रूपात दाराशी येतंय म्हटल्यावर गावच्या संचाकडे कोण पाहणार? पुढच्या वीसेक वर्षांत ते संच विस्कटले. दर रविवारी नाटकवाल्यांच्या गाड्या देशभर धावू लागल्या आणि क्रू जंक्शनचा फलाट म्हणजे नटनट्यांच्या गाठीभेटींचा अड्डा झाला.

या बदलाने मॅनेजरचा धंदा मुळापासून पालटला. तो आता नाटक बसवत नव्हता, तारखा विकत घेत होता. कोणती कंपनी कोणत्या आठवड्यात येणार, गल्ल्यातला किती वाटा नेणार, भित्तिपत्रकं कोण पुरवणार, बँडचा खर्च कोणाच्या अंगावर, हे सगळं महिनोन् महिने आधी पत्रांनी ठरे. नामांकित कंपनी निम्म्याहून बराच जास्त वाटा मागे, पडेल कंपनी मिळेल त्यावर समाधान मानी. ‘द इरा’ आणि ‘द स्टेज’ या साप्ताहिकांतल्या बारीक टायपातल्या जाहिराती हा त्या बाजाराचा फळा होता. पँटोमाइम, म्हणजे परीकथा, गाणी आणि विनोद यांची नाताळातली मिसळ, हीच काय ती बहुतेकांची स्वतःची निर्मिती. तिच्या उत्पन्नावर पुढच्या मंद महिन्यांची तूट भरून निघे. पँटोमाइम पडली तर वर्ष बुडालं.

तारखा विकत घ्यायच्या तर पत हवी, आणि पत माणसांकडून येते. 1862 च्या कंपनी कायद्याने सात सह्या जमवणाऱ्या कोणालाही मर्यादित दायित्वाची कंपनी काढता येऊ लागली. थिएटर कंपन्यांची एक लाटच त्यातून उठली. त्यांतल्या बुडालेल्या, गुंडाळलेल्या कंपन्यांची कागदपत्रं लंडनमध्ये क्यू इथल्या राष्ट्रीय अभिलेखागारात आहेत आणि त्यांत भागधारकांच्या नावापुढे त्यांचा व्यवसाय लिहिलेला आहे. या याद्या वाचताना थिएटर ही संस्था वेगळीच दिसू लागते. तिच्याभोवती दारूवाले आहेत, कारण उपाहारगृहाचं उत्पन्न तिकिटांइतकंच महत्त्वाचं. वकील आहेत, कारण परवाना दरवर्षी नव्याने मिळवावा लागे. छापखानेवाले आहेत, कारण भित्तिपत्रकांची उधारी सर्वांत आधी वाढे. बेलफास्टच्या डेव्हिड ॲलन अँड सन्सची रंगीत भित्तिपत्रकं ब्रिटनभरच्या भिंतींवर लागत, आणि पुढे ती चिकटवण्याच्या जागांचाही धंदा या कंपनीने हाती घेतला.

हॉवर्ड अँड विंडमचंच पाहा. जे. बी. हॉवर्ड आणि एफ. डब्ल्यू. पी. विंडम हे दोघे रंगभूमीवरचेच. 1883 मध्ये एडिंबराचं लायसियम त्यांनी हेन्री अर्व्हिंग आणि एलेन टेरी यांना आणून उघडलं. पण 1895 मध्ये त्यांची मर्यादित कंपनी झाली तेव्हा अध्यक्षपदी बसले मायकेल सायमन्स, ग्लासगोचे फळांचे बडे व्यापारी. 1888 आणि 1901 च्या ग्लासगोच्या भव्य प्रदर्शनांमागेही या गृहस्थांचा मोठा हात होता. नाशवंत माल वेळेत विकण्याचं शहाणपण ज्याच्या अंगी मुरलेलं, त्याला नाटकाची रिकामी खुर्ची म्हणजे काय हे समजावून सांगावं लागत नाही. 1904 मध्ये ग्लासगोचं किंग्ज थिएटर याच कंपनीने उभारलं.

ब्लॅकपूलच्या थॉमस सर्जन्सनची चाल निराळी. तो एकांडा. 1894 च्या 23 जुलैला त्याचं ग्रँड थिएटर विल्सन बॅरेटच्या ‘हॅम्लेट’ने उघडलं. वास्तुविशारद फ्रँक मॅचम, बांधायला लागले नऊ महिने, खर्च सुमारे 20,000 पाउंड. त्याच वर्षी मे महिन्यात ब्लॅकपूल टॉवर सुरू झाला होता, म्हणजे शेजारीच बलाढ्य प्रतिस्पर्धी. 1909 मध्ये सर्जन्सनने आपलं थिएटर त्याच टॉवर कंपनीला 47,500 पाउंडांना विकलं. प्रतिस्पर्ध्याशी झुंजत बसण्यापेक्षा योग्य वेळी त्यालाच गिऱ्हाईक करण्यात त्याचं धंद्यातलं भान दिसतं. मँचेस्टरचे विल्यम हेन्री ब्रॉडहेड तर मुळातच बिल्डर. त्यांनी कामगार वस्त्यांत थिएटरांची साखळी उभी केली. नट तिला ‘ब्रेड अँड बटर’ म्हणत, कारण तिथे पैसा बेताचा पण काम नेमाने मिळे.

साखळ्यांचा विचार करताना मॉस, थॉर्नटन आणि स्टोल या तिघांपाशी थांबावंच लागतं. एडवर्ड मॉसने 1877 मध्ये एडिंबरात गेटी नावाचं सभागृह घेतलं. 1892 मध्ये त्याने त्याच शहरात एम्पायर पॅलेस बांधलं, तेही मॅचमकडून. रिचर्ड थॉर्नटन टाइन नदीकाठच्या साउथ शील्ड्सचा, पोटासाठी व्हायोलिन वाजवत वर आलेला. ऑस्वाल्ड स्टोल जन्माने ऑस्ट्रेलियातला. 1880 मध्ये सावत्र वडील वारले तेव्हा हा अवघा चौदा वर्षांचा, आणि लिव्हरपूलचं पार्थेनॉन म्युझिक हॉल आईबरोबर चालवायला बसला. मॉस बोलका, थाटामाटाचा. स्टोल मितभाषी, आकड्यांत रमणारा, कलाकारांच्या खोल्यांत असभ्य भाषेला बंदी असल्याच्या पाट्या लावणारा. 1899 मध्ये तिघांच्या मालमत्ता एकत्र येऊन मॉस एम्पायर्स ही कंपनी झाली. बायकामुलांना घेऊन निर्धास्तपणे जाता येईल असं व्हरायटीचं, म्हणजे गाणी-नकला-कसरतींच्या मिश्र खेळांचं थिएटर, रोज रात्री दोन खेळ, एकाच कराराने गावोगावचे आठवडे बांधून घेतलेला कलाकार, हे या साखळीचं सूत्र. पण दोन स्वभाव फार काळ एका टेबलाशी बसले नाहीत. 1904 मध्ये स्टोलने लंडनमध्ये कॉलिसियम उघडलं, आणि 1910 मध्ये तो मॉस एम्पायर्समधून बाहेर पडून स्वतंत्र झाला.

साखळीच्या शिस्तीची किंमत कलाकारांनी मोजली, आणि हे मी इथे ठासून सांगतो, कारण मॅनेजरांविषयी लिहिताना त्यांच्या कर्तबगारीने लेखणी भारावून जाते. करारात एक प्रतिबंधक कलम असे: अमुक महिने, अमुक मैलांच्या आत दुसऱ्या थिएटरात उभं राहायचं नाही. जादा खेळ लादले जात आणि त्यांचे पैसे मिळत नसत. 1906 मध्ये व्हरायटी आर्टिस्ट्स फेडरेशन स्थापन झालं आणि 1907 च्या जानेवारीत लंडनच्या म्युझिक हॉलमध्ये संप पेटला. मेरी लॉइडसारखी आघाडीची गायिका, जिला स्वतःपुरतं काहीच कमी नव्हतं, ती धाकट्या कलाकारांसाठी संपाच्या रांगेत उभी राहिली. सरकारी लवाद जॉर्ज ॲस्क्विथ यांच्या निवाड्याने प्रतिबंधक कलमाला मर्यादा घातली आणि जादा खेळाचा मोबदला ठरवला. लंडनच्या या निवाड्याने प्रांतातल्या करारांनाही वळण लागलं.

दुसरी किंमत प्रेक्षकांनी आधीच मोजली होती. 1887 च्या 5 सप्टेंबरला एक्सेटरच्या थिएटर रॉयलमध्ये गॅसच्या दिव्याने पडद्यांना आग लागली. थिएटर जेमतेम वर्षभराचं. गॅलरीतून सुटायला एकच जिना. 186 माणसं गेली. त्यानंतर लोखंडी सुरक्षा पडदा, स्वतंत्र जिने, बाहेर उघडणारे दरवाजे यांचा आग्रह सुरू झाला, आणि मॅचमचा उदय या पार्श्वभूमीवर समजून घ्यावा लागतो. त्याने खांबांच्या आधाराशिवाय पुढे झेपावणाऱ्या बाल्कन्या बांधल्या, थोड्या जागेत जास्त माणसं बसवली आणि ती लवकर बाहेर पडतील अशी वाट ठेवली. मॅनेजरला त्याच्यात एकाच वेळी कलावंत, हिशेबनीस आणि विमा कंपनीची समजूत घालणारा माणूस मिळाला. 1911 च्या मे महिन्यात एडिंबराच्या एम्पायर पॅलेसमध्ये लाफायेत या जादूगाराच्या खेळात आग भडकली. तो स्वतः आणि रंगमंचामागची काही माणसं दगावली. पण सुरक्षा पडदा खाली आला, बँडने राष्ट्रगीत सुरू केलं, आणि भरलेलं प्रेक्षागृह काही मिनिटांत सुखरूप रिकामं झालं.

या मोठ्या नावांच्या सावलीत शेकडो लहान मॅनेजर होते. पुस्तकाचा कणा त्यांतल्याच एकाभोवती उभा आहे: आर्थर जेफरसन. मराठी वाचकाला हे नाव अपरिचित वाटेल, पण त्याचा मुलगा आपण सगळ्यांनी पडद्यावर पाहिला आहे. लॉरेल-हार्डीच्या जोडीतला स्टॅन लॉरेल तो हाच, 1890 मध्ये उल्व्हरस्टन इथे जन्मलेला. आई मार्गारेट ही अभिनेत्री. बिशप ऑकलंड, नॉर्थ शील्ड्स, ब्लाइथ, मग ग्लासगोचं मेट्रोपोल, असा जेफरसनचा प्रवास. तो नट होता, मेलोड्रामा लिहिणारा होता, फिरत्या कंपन्या काढणारा होता, जाहिरातीच्या नवनव्या क्लृप्त्या लढवणारा होता. एकाच वेळी चार धंद्यांत हात घालणं त्याच्यासारख्याला भागच होतं. थिएटर तोट्यात गेलं तर कंपनी तारून नेई, कंपनी बसली तर लिहिलेल्या प्रहसनाचे हक्क भाड्याने जात.

जेफरसनच्या धंद्याचं वजन त्याच्या ओळखींत होतं. मुलाने 1906 मध्ये पहिल्यांदा स्वतंत्रपणे रंगमंचावर पाऊल टाकलं ते ए. ई. पिकार्डच्या ब्रिटानिया पॅनॉप्टिकॉनमध्ये. पिकार्ड हा मेणाचे पुतळे, विचित्र वस्तूंची प्रदर्शनं आणि स्वस्त करमणूक विकणारा ग्लासगोचा वल्ली. पुढे वडिलांच्याच शब्दाने मुलाला लेव्ही अँड कार्डवेलच्या मुलांच्या पँटोमाइम कंपनीत जागा मिळाली. तिथून फ्रेड कार्नोची मंडळी, आणि 1910 मध्ये चार्ली चॅप्लिनसोबत अमेरिकेची वाट. जेफरसनने लिहिलेलं ‘होम फ्रॉम द हनिमून’ हे प्रहसन पुढे हॉलिवूडमध्ये पोचलं. त्यावरून लॉरेल-हार्डीचा 1927 चा ‘डक सूप’ आणि 1930 चा ‘अनदर फाइन मेस’ निघाला. थिएटरं हातची गेली, लेखणीतून उतरलेली मालमत्ता टिकली. या माणसाच्या उद्योगांचा जमाखर्च मांडताना हे विसरता येत नाही.

याच वर्षांत साखळ्यांच्या विरोधात दुसरा प्रवाह उठला. चहाच्या व्यापारात गब्बर झालेल्या घराण्यातली ॲनी हॉर्निमन हिने 1904 मध्ये डब्लिनच्या ॲबी थिएटरला पैसा दिला होता. 1907 मध्ये तिने मँचेस्टरला स्वतःची कंपनी काढली आणि 1908 मध्ये तिथलं गेटी थिएटर विकत घेतलं. स्थानिक लेखक, कायमचा नटसंच, फिरत्या कंपन्यांवर अवलंबून न राहणारा कार्यक्रम: हीच ब्रिटनमधली पहिली रेपर्टरी. स्टॅन्ली हॉटनचं ‘हिंडल वेक्स’ तिच्याच आश्रयाने 1912 मध्ये रंगभूमीवर आलं. ग्लासगोत 1909 मध्ये आल्फ्रेड वेअरिंगने हाच प्रयोग केला. लिव्हरपूलमध्ये 1911 मध्ये शेकडो नागरिकांनी भाग विकत घेऊन तो केला, बर्मिंगहॅममध्ये 1913 मध्ये बॅरी जॅक्सनने स्वतःच्या पैशाने. हे आदर्शवादी आणि ते धंदेवाईक, अशी फारकत पुष्कळदा केली जाते. मला ती पटत नाही. वेअरिंगचे खेळ झाले ते हॉवर्ड अँड विंडमच्याच रॉयल्टी थिएटरात.

या जाळ्याचं एक टोक मुंबईपर्यंत आलं. मॉरिस बँडमन ब्रिटनच्या प्रांतांतल्या दौऱ्यांत घडला, मग भूमध्यसागरी बंदरांवर कंपन्या नेऊ लागला आणि अखेर कलकत्त्याला तळ ठोकून पूर्वेकडचा सगळा पट्टा त्याने बांधला. मुंबईत त्याचे भागीदार होते कोळशाचे दलाल जहांगीर फ्रामजी कराका. गिरगावच्या टोकाचं रॉयल ऑपेरा हाऊस त्या दोघांनी उभारलं. 1911 मध्ये पाचव्या जॉर्जच्या हस्ते उद्घाटन झालं तेव्हा काम अजून चालूच होतं. याच रंगमंचावर पुढे बालगंधर्व, मास्टर दीनानाथ, मास्टर कृष्णराव उभे राहिले. बालगंधर्वांच्या कर्जाविषयी आपण हळहळून बोलतो. ते कर्ज कोणत्या माणसांनी, कोणत्या अटींवर, कोणत्या विश्वासाने दिलं, हा प्रश्न या पुस्तकाने मराठी वाचकाच्या मनात जागा केला तर मला आनंद होईल.

या विषयावरच्या लेखनाचे प्रवाह थोडक्यात सांगायला हवेत. सुरुवातीला नटांच्या आणि मॅनेजरांच्या आठवणी आल्या, रंगतदार आणि पैशांबद्दल मौन पाळणाऱ्या. मग गावोगावच्या अभ्यासकांनी आपापल्या थिएटरचे इतिहास लिहिले. त्यांचं ऋण फार मोठं आहे, कारण परवान्यांच्या नोंदी आणि जुनी वृत्तपत्रं त्यांनी पानापानाने चाळली. इमारती पाडल्या जाऊ लागल्या तसा वास्तुकलेचा प्रवाह जोर धरू लागला. 1986 मध्ये पीटर बेली यांनी संपादित केलेल्या ग्रंथाने म्युझिक हॉलकडे धंदा म्हणून पाहिलं. ट्रेसी डेव्हिस यांचा ब्रिटिश रंगभूमीच्या अर्थकारणावरचा ग्रंथ 2000 मध्ये आला, आणि ख्रिस्तोफर बाल्म यांनी बँडमनचं जगभरचं जाळं उलगडून दाखवलं. हे पुस्तक शेवटच्या प्रवाहाच्या सर्वांत जवळ आहे. पण साखळीच्या मुख्यालयातून खाली पाहण्याऐवजी ते लहान गावातल्या भाडेपट्टीदाराच्या खुर्चीतून वर पाहतं, आणि यातच त्याचं वेगळेपण आहे.

आज हे वाचायचं कारण? ज्या इमारती उरल्या आहेत त्यांचं काय करायचं हा प्रश्न जिवंत आहे. ब्लॅकपूलचं ग्रँड 1972 मध्ये जमीनदोस्त व्हायच्या बेतात होतं. नागरिकांनी ते वाचवलं आणि 1981 मध्ये ते पुन्हा नाट्यगृह म्हणून उघडलं. 1976 मध्ये खास कायदा करून थिएटर्स ट्रस्ट स्थापन झाला. मुंबईचं ऑपेरा हाऊस दोन दशकांहून जास्त काळ बंद राहून 2016 मध्ये पुन्हा सुरू झालं. ग्लासगोचं मेट्रोपोल मात्र 1961 च्या आगीत गेलं. इमारत वाचवताना आपण छतावरच्या नक्षीचा विचार करतो. त्या नक्षीखालचा खर्च कोण भागवत होतं, कोणत्या उत्पन्नातून, याचा विचार केला नाही तर दुरुस्त झालेलं थिएटरही पुन्हा कुलूपबंद होतं. परवाना, उपाहारगृह, नाताळचा हंगाम, शेजारचा प्रतिस्पर्धी, या जुन्या मॅनेजरांच्या चिंता आजच्या नाट्यगृह चालवणाऱ्यालाही ओळखीच्या आहेत.

पुस्तकाची मांडणी माणसांवरून केली आहे, वर्षांवरून नाही. प्रत्येक ठिकाणी मॅनेजर मध्ये आहे आणि त्याच्याभोवती एक-एक सोबती येतो: भागधारक, घरमालक, वास्तुविशारद, छापखानेवाला, दौऱ्याची कंपनी, बायोस्कोपवाला, आणि पुष्कळदा त्याची बायको, जिने तिकीटखिडकी सांभाळली आणि गरज पडली तेव्हा भूमिकाही केली. व्यवहार जसे झाले तसे, तोट्यांसह, मांडले आहेत. रकमा पाउंड, शिलिंग आणि पेन्समध्येच ठेवल्या आहेत. वीस शिलिंगांचा पाउंड आणि बारा पेन्सचा शिलिंग एवढं ध्यानात ठेवलं की वाचायला अडचण येत नाही. त्यांचं आजच्या रुपयांत रूपांतर केलेलं नाही, कारण गॅलरीतल्या कामगाराला तिकिटासाठी किती तास राबावं लागे, हे रुपयांच्या आकड्यातून कळत नाही. ते त्याच्या मजुरीच्या शेजारी तिकिटाचा दर ठेवला की कळतं, आणि जिथे शक्य झालं तिथे ते केलं आहे.

शेवटची मर्यादा काळाची. 1910 पासून चलच्चित्रांच्या प्रदर्शनांना वेगळा परवाना लागू झाला आणि अनेक मॅनेजरांनी आपल्या थिएटरात पडदा लावला. महायुद्धात तरुण नट आघाडीवर गेले, रेल्वेच्या सवलती आटल्या आणि 1916 मध्ये करमणूक कर आला. त्यानंतरचा हिशेब वेगळ्या माणसांचा आहे. पुस्तक त्याच्या अलीकडे, 1914 च्या उन्हाळ्यात, पुढच्या हंगामाच्या तारखा भरून झालेल्या असताना थांबतं.